ओल्या भिंतीमागची वाळवी

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही कुडाळजवळच्या आमच्या घराचं कुलूप काढलं. आई गेल्यापासून तीन वर्षं ते बंदच असतं. मी डोंबिवलीला, दादा बडोद्याला. गणपतीच्या वर टांगायची माटवी माळ्यावरून काढायला भाचा वर चढला. त्याने चौकटीला हात घातला आणि लाकूड त्याच्या मुठीत चेपलं. वरचा रंग शाबूत होता, आत नुसती माती. आजोबांच्या वेळची माटवी होती ती. त्या वर्षी आम्ही बांबू बांधून त्यावर कवंडळं, नारळ, सुपारीची शिपटी टांगली. गणपती व्यवस्थित झाले, पण माझं लक्ष सारखं वर माळ्याकडे जात होतं.

विसर्जनानंतर माजघरातलं कपाट भिंतीपासून ओढलं. मागे भिंतीवर पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची नळी जमिनीपासून थेट माळ्यापर्यंत गेलेली. मी ती खराट्याने झाडून टाकली, वर रॉकेल फवारलं आणि काम झालं असं समजून मुंबईला परतले. हीच माझी पहिली चूक. ती नळी म्हणजे वाळवीचा येण्याजाण्याचा रस्ता. तिचं अंग मऊ आणि पातळ, उघड्या हवेत ते लगेच सुकतं, म्हणून ती मातीचा आडोसा करून त्यातून चालते. रस्ता मोडला तर ती दुसरा बांधते. घर असतं जमिनीखाली, तिथे राणी अंडी घालत असते आणि वर लाकडात दिसतात ते नुसते कामकरी. पंधरा दिवसांनी शेजारच्या वहिनींनी फोन केला, "ताई, तुमच्या खिडकीच्या चौकटीवर माती चढलीय."

मग ऑक्टोबरात एका ठेकेदाराला बोलावलं. त्याने दर चौरस फुटावर सांगितला, पाच वर्षांची हमी कागदावर लिहून दिली. औषध कोणतं, असं विचारलं तर म्हणाला, "एकदम कडक आहे, काळजी करू नका." पाठीवरचा सोळा लिटरचा पंप त्याने दोनदा भरला, दीड तासात सगळं घर आटोपलं. घरात उग्र वास भरला आणि वास आला म्हणजे औषध चाललं असं मला वाटलं. जानेवारीत येऊन पाहिलं तर न्हाणीच्या दाराची चौकट टिचकी मारल्यावर पोकळ वाजत होती. हमीचा कागद आहे अजून. त्यावरच्या नंबरला तेव्हाही कुणी उत्तर दिलं नाही.

त्यानंतर मी आबा सुतारांकडे गेले. आमच्या घराचे वासे त्यांच्या वडिलांनी घातलेले. आबांनी सोबत फक्त एक जुना पेचकस आणला आणि अख्खी सकाळ घरभर लाकडं ठोकत, टोचत फिरले. मी मागून वही घेऊन. तुळईचं एक टोक गेलेलं, दोन चौकटी गेलेल्या, बाकी फणसाचे खांब ठणठणीत. पडवीतल्या वाशांखाली पिठासारखा पिवळट भुगा पडलेला होता, तो मी वाळवीच समजत होते. आबांनी चिमटीत घेऊन दाखवला. वाळवी लागली की माती दिसते. असा कोरडा भुगा आणि टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली की तो घुण, लाकडातला किडा. दोघांचं औषध वेगळं. वाशांच्या टोकाला बोटभर रुंद भोकं होती ती तिसऱ्याचीच, काळ्या भुंग्याची.

मग ते मला घराच्या मागे घेऊन गेले. न्हाणीचं पाणी जायची नळी फुटलेली होती आणि सगळं पाणी जोत्याच्या पायथ्याशी मुरत होतं. वर कोनातली दोन कौलं सरकलेली, पावसाचं पाणी त्याच भिंतीत उतरत होतं. भिंतीला टेकून जळाऊ लाकडांची रास, आईच्या वेळची, तशीच. खळ्याची, म्हणजे अंगणाची, माती वर्षानुवर्षं साचून जोत्याच्या चिऱ्यावर वीतभर चढलेली. आबा म्हणाले, "बाय, आधी पाणी बंद करूक व्हया, मगे औषध." आणि थोडं थांबून, "आवशीची चूल पेटत होती तेव्हा काय नाय झाला."

आवस म्हणजे आई. हे त्यांचं शेवटचं वाक्य माझ्या मनात राहिलं. आमच्या स्वयंपाकघरावरचे वासे धुराने काळे झालेले आहेत आणि घरातले सगळ्यात धड वासे तेच आहेत. रोजच्या उबेने लाकूड कोरडं राहायचं, धुराची काजळी बसायची, दारं-खिडक्या उघडायच्या, कुणीतरी रोज कोपरे झाडायचं. औषध न घालता पन्नास वर्षं घर उभं होतं ते उगीच नाही. लाकडाच्या जातीचंही तसंच. सागवान, फणस यांचा जून गाभा वाळवीला सहसा आवडत नाही. पण गाभ्याबाहेरचं पांढरं लाकूड सागाचं असलं तरी ती खाते. पंधरा वर्षांपूर्वी घाईत बसवलेल्या न्हाणीच्या चौकटीत निम्मं पांढरं लाकूड होतं.

पुढचा दीड महिना नुसतं पाण्याचं काम केलं. नळी बदलली, पाणी लांब माडाच्या आळ्यात सोडलं. कौलं बसवली. जोत्यालगतची माती खणून काढली, चिऱ्याचा पहिला थर उघडा केला. लाकडांची रास भिंतीपासून लांब, दगडांवर रचली. दादा फोनवर म्हणत होता, "अगं, आधी औषध मारून घे ना, तोवर खाऊन टाकतील." त्याची घाई मला कळत होती. पण ओल्या, पाण्याने भरलेल्या मातीत औषध नीट मुरत नाही, म्हणून पावसातही हे काम करत नाहीत. फेब्रुवारीत भिंत सुकली.

मधल्या काळात मी वाचन केलं. आपल्याकडे या कामासाठी भारतीय मानक आहे, आयएस ६३१३. त्याचा तिसरा भाग बांधून झालेल्या घरांसाठी. त्यात जमीन आणि भिंत जिथे मिळतात तिथे दर ३०० मिलिमीटरवर १२ मिलिमीटरचं भोक पाडून औषध भरायला सांगितलंय, जमीन पीत राहील तोवर, जास्तीत जास्त भोकामागे एक लिटर. हे वाचल्यावर ऑक्टोबरातलं काम माझ्या डोळ्यांसमोर आलं. आमच्या घराला तशी शंभरावर भोकं लागतात, आणि तो माणूस सगळं मिळून बत्तीस लिटर घेऊन आला होता. एवढा एक हिशेब मी आधी केला असता तर त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

दुसऱ्या वेळी मी तीन गोष्टी विचारल्या: कीटकनाशक कायद्याखालचा परवाना आहे का, औषधाचं नाव आणि प्रमाण काय, सीलबंद बाटली माझ्यासमोर फोडणार का. सावंतवाडीहून आलेल्या गृहस्थांनी तिन्हींना सरळ उत्तरं दिली. त्यांनी दोन पर्याय ठेवले. क्लोरपायरिफॉस २० टक्के, एक लिटर औषधात एकोणीस लिटर पाणी, म्हणजे एक टक्का द्रावण. किंवा इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के, लिटरभर पाण्यात २.१ मिलिलिटर. पहिल्याला उग्र वास. दुसऱ्याला वास जवळजवळ नाही, आणि वाळवीला ते ओळखू येत नाही. ती त्यातून चालत जाते आणि अंगावरून इतरांपर्यंत नेते. म्हणजे वासावरून औषध जोखायची माझी पद्धतच चुकीची होती. घराच्या आत आम्ही इमिडाक्लोप्रिड घेतलं.

पण त्यांनी विहीर पाहिली आणि थांबले. मागच्या भिंतीपासून विहीर नऊ पावलांवर. आमच्याकडचा जांभा सच्छिद्र, पाणी त्यातून कुठेही वाट काढतं, आणि इमिडाक्लोप्रिड पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं. तिकडच्या बाजूला भोकं पाडणार नाही असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. पैसे कमी मिळणार होते तरी. ती भिंत उघडी ठेवायची, लगत चिऱ्यांचा उतार बांधायचा आणि डोळ्यांनी राखण करायची असं ठरलं. आसपासच्या दोन घरांना त्या विहिरीचं पाणी जातं. दुसरा निर्णय मी मान्यच केला नसता.

मागच्या कुंपणाशी वारूळ आहे, त्याला आम्ही रोयण म्हणतो. पहिला ठेकेदार त्यात औषध ओतायला निघाला होता, मी अडवलं होतं. आमच्या भागात सातेरी देवीची पूजा वारुळाच्या रूपात होते, आई त्याच्यापुढे दिवा ठेवायची. श्रावणात तिथे अळंबी उगवतात. तीही वाळवीचीच कृपा: काही जातींच्या वाळव्या जमिनीखाली बुरशीची शेती करतात, तिचीच ही फुलं. मी सावंतवाडीच्या गृहस्थांना भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "राहू द्या. घर राखायचंय, जंगल नाही." वारूळ राहिलं.

कामाला पूर्ण दोन दिवस लागले. भोकं ११८ झाली. भांडी, धान्याचे डबे, देव, सगळं आधी शेजारी नेलं. मातीच्या सांध्यांची भिंत औषध किती पिते ते पाहून मी थक्क झाले, काही भोकं लिटरभर घेऊनही भरली नाहीत. चौकटींच्या मुळाशी लाकडात तिरकी बारीक भोकं पाडून सुईने औषध सोडलं. नंतर भोकं सिमेंटने बुजवली. दोन रात्री आम्ही वहिनींकडे झोपलो.

लाकडाचं काम आबांचं. तुळईचं सडलेलं टोक कापून किंजळीच्या लाकडाचा तुकडा जोडला, चौकटी नव्या घातल्या, भिंतीत जाणाऱ्या प्रत्येक टोकाला डांबर. पडवीच्या वाशांना आधी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी दोनदा पाजलं, सुकल्यावर वरून काजूच्या टरफलांचं तेल. हे तेल फार उततं. आबांच्या नातवाने हातांना खोबरेल चोपडलं होतं तरी मनगटावर फोड आले. कुणी करणार असाल तर कोपरापर्यंत हातमोजे घाला, आणि मुलांना अंगणातही फिरकू देऊ नका. वास आठवडाभर राहतो. पण ते तांबूस काळं लाकूड उन्हात चमकताना पाहिलं आणि आजोबांच्या वेळचं घर आठवलं.

जूनच्या पहिल्या पावसाला मी मुद्दाम गावी होते. संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या वाळव्यांचा थवा आला. दादाला फोन केला तर तो घाबरला, सगळं वाया गेलं म्हणाला. पण बाहेरून दिव्यावर येणं साधं आहे, त्या सगळीकडून येतात. घरातल्या भिंतीतून किंवा फरशीच्या सांध्यातून निघाल्या असत्या तर काळजी होती. रात्री दिवे बंद करून बॅटरी घेऊन प्रत्येक खोलीचा कोपरा पाहिला. सकाळी पंखांचा सडा उंबऱ्याबाहेर होता, आत एक नव्हता.

आता वहिनी दर शनिवारी घर उघडतात. खिडक्या सोडतात, कपाटांमागे बॅटरी मारतात, आणि मी विनंती केली म्हणून तासभर चूल पेटवतात. त्याचे पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या, शेवटी घेतले. आबांनी चतुर्थीला नवी माटवी करून दिली. जुन्या चौकटीतली एकच पट्टी धड निघाली होती, ती त्यांनी मधोमध बसवली.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी विहिरीकडच्या भिंतीवर, उघड्या चिऱ्यावर, दोन बोटं लांबीची मातीची नळी दिसली. खरवडली, आत चार-पाच पांढरे जीव होते. शेजारी खडूने तारीख लिहिली. वरचं पन्हळ गळत होतं, ते त्याच दुपारी दुरुस्त करून घेतलं. वहिनी दर शनिवारी त्या खडूच्या खुणेचा फोटो पाठवतात. अजून तिथे माती चढलेली नाही.