चेहरा पुसू नका: जॉन ब्रूअर रीफवरची समुद्राखालची शिल्पं

ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलला उतरलो त्याच संध्याकाळी बोटवाल्यांचा निरोप आला: उद्याची फेरी रद्द. आग्नेयेकडून वारा सुटला होता आणि उघड्या समुद्रात लाटा चढल्या होत्या. आम्ही दोन दिवस जास्तीचे ठेवले होते म्हणून निभावलं. आमच्याच मुक्कामाच्या ठिकाणचं एक जोडपं मात्र शिल्पं न बघताच परत गेलं. जॉन ब्रूअर रीफ, म्हणजे ग्रेट बॅरिअर रीफ या अवाढव्य प्रवाळरांगेचा एक भाग, किनाऱ्यापासून सत्तर-ऐंशी किलोमीटर आत आहे, जायला दोन तास तरी लागतात, आणि बोट रोज सुटतेच असं नाही. जाणार असाल तर फेरी मुक्कामाच्या सुरुवातीलाच ठरवा आणि पुढे मोकळे दिवस ठेवा. शेवटच्या दिवसावर ढकलू नका. त्याचं आणखी एक कारण आहे, ते पुढे येईल.

रिकामी पडलेली ती संध्याकाळ वाया गेली नाही. स्ट्रँड या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर, धक्क्याजवळ, पाण्यात ‘ओशन सायरन’ उभी आहे. जॉन ब्रूअर रीफवरची शिल्पं ज्या ‘म्युझियम ऑफ अंडरवॉटर आर्ट’ या पाण्याखालच्या संग्रहालयाची, त्याचंच हे पहिलं शिल्प. २०१९च्या अखेरीस बसवलेलं आणि पाण्याच्या वर असलेलं. वुल्गुरुकाबा या तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या एका शाळकरी मुलीवरून ते घडवलंय. अंधार पडला की ते आतून उजळतं. डेव्हिस रीफवरच्या हवामान केंद्राकडून समुद्राच्या तापमानाची माहिती येते आणि तिच्याप्रमाणे शिल्पाचा रंग बदलतो: पाणी थंड असलं की निळा, तापत गेलं की लालाकडे. आम्ही गेलो तेव्हा ऑगस्ट होता, म्हणजे तिथला हिवाळा, आणि ती निळी होती. आई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. “ताप आला की कपाळाला हात लावून कळतं, तसं आहे हे,” एवढंच म्हणाली. बोटीवर चढण्याआधी ही संध्याकाळ जरूर ठेवा. दुसऱ्या दिवशी पाण्याखाली जे दिसतं त्याची अर्धी गोष्ट इथेच समजते.

तिसऱ्या दिवशी बोट निघाली. समुद्र लागत असेल तर गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. रीफवर पोचल्यावर बोटीने नांगर टाकला नाही, तिथे कायमच्या बसवलेल्या तरंगत्या बोयाला दोर बांधला. नांगर आणि त्याची साखळी रीफवर घासली की शतकभर वाढलेला प्रवाळ मिनिटात तुटतो. तुम्ही लहान बोटीने जाणार असाल तर ती कशी थांबते, हे बुकिंगच्या वेळीच विचारा.

याच रीफवर १९८८ साली सात मजली तरंगतं हॉटेल आणून उभं केलं होतं. इथे ते फार टिकलं नाही. पुढे ते व्हिएतनामला गेलं आणि शेवटी उत्तर कोरियात पोचलं. रीफवर आज त्या जागी नुसतं पाणी आहे.

आता मुख्य शिल्पाकडे. ‘कोरल ग्रीनहाउस’, म्हणजे प्रवाळांचं हरितगृह, हे ब्रिटिश शिल्पकार जेसन डिकेअर्स टेलर यांचं काम. ग्रेनाडाच्या मोलिनेअर उपसागरात २००६ साली आणि नंतर मेक्सिकोत कानकूनजवळ त्यांनी पाण्याखाली शिल्पं बसवली, त्यामुळे त्यांचं नाव डाइव्हर मंडळींना ठाऊक असतं. ग्रीनहाउस साधारण अठरा मीटर खोलीवर, रीफच्या शेजारच्या वाळूवर उभं आहे. वाळू निवडण्यामागे विचार आहे: जिवंत प्रवाळावर वजन पडत नाही आणि उघड्या वाळूत माशांना आडोसा मिळतो. सांगाडा गंज न धरणाऱ्या पोलादाचा आहे, बाकी बांधकाम सामू (पीएच) उदासीन राहील अशा खास सिमेंटचं. साधं सिमेंट पाण्यात फार अल्कधर्मी असतं, प्रवाळांच्या अळ्यांना ते मानवत नाही. पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत ठेवलाय. त्यावर आधी गुलाबी, दगडासारखं कडक शेवाळ धरतं आणि ते असलं की प्रवाळाच्या अळ्या तिथे बसतात.

अठरा मीटर म्हणजे ओपन वॉटर या डाइव्हिंगच्या पहिल्या सर्टिफिकेटची हद्द. तिथे दाब पृष्ठभागाच्या जवळजवळ तिप्पट असतो, म्हणून टाकीतली हवाही तितकीच भराभर संपते. मी जाण्याआधी वर्षभर डाइव्ह केली नव्हती, म्हणून टाउन्सव्हिलमध्येच एक उजळणी घेतली. ती घेतली नसती तर सगळं लक्ष स्वतःचा तोल सांभाळण्यातच गेलं असतं. तुमचीही सवय मोडली असेल तर उजळणी घ्याच, आणि ती फक्त स्वतःसाठी नाही. ज्याला पाण्यात तरंगत स्थिर राहता येत नाही त्याचे फिन्स वाळू उडवतात. ती वाळू आजूबाजूच्या कोवळ्या प्रवाळांवर बसते आणि ती झटकायला पॉलिपला, म्हणजे प्रवाळातल्या इवल्या जिवाला, अंगातला चिकट स्राव खर्चावा लागतो. रोज वीस माणसं वाळू उडवत गेली तर त्या जिवाने वाढायचं कधी?

खाली उतरताना आधी छताच्या पट्ट्या दिसतात, मग आतली मुलं. ही शिल्पं खऱ्या शाळकरी मुलांवरून केलेली आहेत. कुणी प्रवाळाची रोपं लावतंय, कुणी सूक्ष्मदर्शकात वाकून बघतंय. चित्रांतून मी हे सगळं पाहिलं होतं, तरी एका मुलीसमोर आल्यावर थांबलेच. तिचा अर्धा चेहरा शेवाळाने झाकला होता, कानामागे स्पंज धरला होता, आणि एक छोटा डॅमसेल मासा तिच्या हाताजवळ कुणालाच येऊ देत नव्हता. तो शेवाळाची राखण करत होता, मळ्यातल्या राखणदारासारखी. सोबत टॉर्च न्या. त्या खोलीवर पाण्यात लाल रंग उरत नाही, सगळं निळं-करडं दिसतं. प्रकाश टाकला की तोच स्पंज शेंदरी निघतो.

माझ्या पुढे असलेल्या एका डाइव्हरने फोटोसाठी एका शिल्पाचा गाल हाताने घासायला सुरुवात केली. गाइडने झटकन त्याचा हात धरला आणि बोटाने ‘नाही’ अशी खूण केली. बोटीवर परतल्यावर तो माणूस मनापासून म्हणाला, “मला वाटलं, साफ करतोय.” त्याचं मला वाईट वाटलं, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांना तसंच वाटेल. मूर्ती म्हटली की ती पुसावी, धुवावी, तिच्यावर काही साचू देऊ नये, अशीच आपली सवय. आपल्याकडे शेंदराचे थर चढून चढून कवच होतं आणि ते निघालं की आतली मूळ मूर्ती दिसली म्हणून लोक दर्शनाला गर्दी करतात. इथे उलट आहे. इथे कवच चढावं म्हणूनच मूर्ती घडवली आहे. चेहरा जितका हरवेल तितकं शिल्प पूर्ण होत जातं. त्याने घासलेल्या बोटभर जागेत काय होतं, ते कुणालाच कळणार नाही. कदाचित तिथे नुकतीच बसलेली, डोळ्यांना न दिसणारी अळी असेल.

मग देखभाल म्हणजे करायचं काय, हा प्रश्न मी आधीपासून मनात घेऊन गेले होते. प्रवाळाचे तुकडे लावणं, प्रवाळ खाणारे काटेरी तारामासे काढणं, ही कामं परवाना असलेले प्रशिक्षित लोकच करतात. त्या ताऱ्यामाशांना पित्त किंवा व्हिनेगर टोचून मारतात. आपण उचलायला गेलो तर विषारी काटे आपल्याच हातात घुसतात. हा सगळा भाग सागरी उद्यानात येतो. मेलेला प्रवाळसुद्धा उचलून नेता येत नाही. पाहुण्याच्या हाती उरतं ते बघणं आणि नोंदवणं. पण ते काम खरंच कामाचं आहे, आणि मला या सहलीत सर्वांत जास्त समाधान त्यानेच दिलं.

दोन साधनं सांगते. एक, सागरी उद्यान प्राधिकरणाचं ‘आय ऑन द रीफ’ हे अ‍ॅप. विरंजन झालेला म्हणजे पांढरा पडलेला प्रवाळ, तारामासे, तुटफूट, कासव, काहीही दिसलं तर फोटोसह नोंद करता येते. दुसरं, क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ‘कोरलवॉच’चा रंगतक्ता. हातात मावणारं प्लास्टिकचं कार्ड, त्यावर चार रंगछटा आणि प्रत्येकीच्या फिकटापासून गडदापर्यंत सहा पायऱ्या. प्रवाळाच्या शेजारी तक्ता धरायचा, न टेकवता, आणि त्याचा सर्वांत फिकट आणि सर्वांत गडद भाग कोणत्या खुणेशी जुळतो ते लिहायचं. फांद्यांची टोकं घेऊ नका, ती वाढती असतात म्हणून मुळातच पांढरी दिसतात. प्रवाळाच्या अंगातलं सूक्ष्म शेवाळ त्याला रंग आणि बरंचसं अन्न देतं. पाणी फार दिवस तापलं की ते शेवाळ बाहेर टाकलं जातं आणि रंग उतरतो. म्हणून रंग नोंदवणं म्हणजे एका अर्थी त्याची भूक नोंदवणं. ग्रेट बॅरिअर रीफवर १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४ आणि २०२५ साली मोठ्या प्रमाणावर असं झालं. २०१६पासून ही सालं किती जवळजवळ आलीत बघा.

पहिल्या डाइव्हमध्ये तक्ता घेऊ नका. तोल, हवा, बडी म्हणजे सोबतचा डाइव्हर आणि पेन्सिल एकदम सांभाळता येत नाही. मी तो दुसऱ्या, उथळ डाइव्हला घेतला आणि पंधरा प्रवाळ नोंदवले.

ती दुसरी डाइव्ह ‘ओशन सेंटिनल्स’ची. ही आठ शिल्पं २०२३ साली बसवली. अर्धी माणसं, अर्धे समुद्रजीव, आणि बहुतेक खऱ्या अभ्यासकांवरून केलेली. ग्रेट बॅरिअर रीफच्या १९२८-२९च्या अभ्यासमोहिमेचे प्रमुख सर मॉरिस याँग आहेत, प्रवाळांचं वर्गीकरण करण्यात आयुष्य घालवणारे चार्ली व्हेरॉन आहेत, आणि पौर्णिमेनंतरच्या ठरावीक रात्री प्रवाळ एकाच वेळी बीजं सोडतात हे १९८०च्या दशकात उलगडून दाखवणाऱ्यांपैकी पीटर हॅरिसन आहेत. मला ही शिल्पं ग्रीनहाउसपेक्षा जास्त आवडली. ज्यांनी रीफ नीट बघायला शिकवलं त्यांच्याच अंगाखांद्यावर रीफ वाढतेय.

आई त्रेसष्ट वर्षांची आहे, डाइव्ह करत नाही. तिने ही शिल्पं स्नॉर्केलिंग करत वरून पाहिली. साठीच्या पुढच्यांना बोटीवर तब्येतीचा फॉर्म भरावा लागला, तरंगायला आधार आणि वेगळ्या रंगाची खूण दिली, सोबतीला माणूस दिला. यात कमीपणा मानू नका. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर लपवू नका, आणि शक्य तर डॉक्टरांची चिठ्ठी निघण्यापूर्वीच घ्या. ऐनवेळी पाण्यात उतरू न दिलेली माणसं मी पाहिली.

जूनपासून ऑक्टोबरपर्यंत जा. पाणी थोडं गार असतं, वेटसूट लागतो, पण बहुधा स्वच्छ असतं, आणि वाटेत कुबड असलेले देवमासे दिसू शकतात. नोव्हेंबर ते मे हा विषारी जेलीफिशचा काळ, त्यातच पावसाळा आणि वादळं. कधीही गेलात तरी अंगभर लायक्रा सूट घाला. त्याने ऊनही अडतं, म्हणजे सनस्क्रीन चेहऱ्यापुरतं पुरतं आणि बाकीचं पाण्यात जात नाही. बीसीडीला, म्हणजे डाइव्हरच्या हवा भरायच्या जाकिटाला, लोंबणारा गेज आणि श्वासासाठीचा जादाचा रेग्युलेटर आत खोचून घ्या. शिल्पांना बसणारे धक्के बहुतेक त्यांचेच असतात. ग्रीनहाउसच्या आत शिरण्याआधी गाइडला विचारा, आणि एका वेळी दोघांहून जास्त जाऊ नका.

आणि विमान. एका दिवसात दोन डाइव्ह झाल्या की अठरा तास तरी उडायचं नाही, चोवीस असतील तर उत्तम. शेवटच्या दिवसावर फेरी ढकलू नका म्हटलं ते याचसाठी.

माणसाने केलेल्या पुतळ्यांनी रीफ वाचते, असं मी म्हणणार नाही. एवढ्या मोठ्या रीफपुढे ही शिल्पं ठिपक्याएवढी आहेत आणि पाण्याचं तापमान ती कमी करू शकत नाहीत. पण नैसर्गिक रीफच्या नाजूक भागांवरची गर्दी थोडी इकडे वळते. शिवाय आईसारखी, याआधी कधी प्रवाळाचं नावही न काढलेली बाई परतीच्या बोटीत मला विचारत होती, “त्या तक्त्यावर किती नंबर आला?”

ग्रीनहाउसमध्ये वाकून काम करणाऱ्या एका मुलीच्या डाव्या खांद्यावर ऑगस्टमध्ये मला अंगठ्याच्या नखाएवढा तपकिरी प्रवाळ दिसला. तुम्ही गेलात तर तो शोधा, बाजूला मोजपट्टी धरून फोटो काढा आणि अ‍ॅपवर टाका. मला त्याचं माप हवंय.