केर्नरायनचा धक्का आणि तुपाच्या चाळीस बरण्या

बर्मिंगहॅमहून उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला माल नेणे म्हणजे एकाच देशातील एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणे आहे, कागदपत्रे फारशी लागत नाहीत, फक्त न्यूरी गावाच्या पुढे आयर्लंड प्रजासत्ताकाची सीमा लागते तिथे जपून राहा, असा सल्ला मला निघण्यापूर्वी तीन वेगवेगळ्या माणसांनी दिला. तिघांपैकी एकजण तर पैसे घेऊन सल्ला देणारा कस्टम्स एजंट होता. प्रत्यक्षात न्यूरीच्या पुढे मला कुत्रेदेखील हटकायला आले नाही, आणि जिथे काहीच होणार नव्हते त्या स्कॉटलंडच्या टोकावर, बेलफास्टच्या बोटी जिथून सुटतात त्या केर्नरायनच्या धक्क्यावर, मी आणि माझा मेहुणा अर्धी रात्र व्हॅनमध्ये बसून होतो. दिवाळीपूर्वी फराळाचा माल घेऊन या वाटेने जाण्याचा विचार ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. झोप अजून पुरती झालेली नाही, त्यामुळे सूर थोडा कडवट लागला तर समजून घ्यावे.

मुळात गोष्ट अशी आहे. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडले आणि संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यातील सीमा सुमारे ५०० किलोमीटर लांबीची असून ती ओलांडणारे रस्ते दोनशेहून अधिक आहेत. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर तिथे शांतता नांदते आहे, त्यामुळे त्या रस्त्यांवर पुन्हा नाके उभारण्याची कोणाचीही तयारी नव्हती. म्हणून मालापुरते उत्तर आयर्लंडला युरोपचे बरेच नियम लागू ठेवण्यात आले, आणि तपासणीची रेघ जमिनीवरून उचलून समुद्रात ओढण्यात आली. २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत ज्यांनी मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके पाहिले आहेत, त्यांनी अशी कल्पना करावी की नाका वेशीवरून हलवून कोणीतरी खाडीच्या मधोमध नेऊन ठेवला आहे आणि वेशीवर उभे असलेले लोक अजूनही एकमेकांना ‘इथे जपून’ म्हणून सांगत आहेत.

फेब्रुवारी २०२३ मधील विंडसर आराखड्याने या व्यवस्थेत दोन मार्गिका आणल्या, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून त्या सुरू झाल्या. जो माल उत्तर आयर्लंडमध्येच विकला जाणार आहे त्याच्यासाठी हिरवी मार्गिका, म्हणजे कमी कागद आणि कमी तपासणी. जो माल पुढे प्रजासत्ताकात, म्हणजे युरोपीय संघात जाण्याची शक्यता आहे त्याच्यासाठी लाल मार्गिका, म्हणजे पूर्ण घोषणापत्र, आवश्यक तिथे जकात आणि प्राणिजन्य पदार्थ असतील तर पशुवैद्याचे प्रमाणपत्र. ही दोन वाक्ये ज्याला नीट समजली त्याचा निम्मा प्रवास झाला. मला ती समजली होती. माझ्या एजंटाला समजली नव्हती, किंवा समजूनही त्याला त्याचे काही वाटत नव्हते.

माझ्याकडे होत्या साजूक तुपाच्या चाळीस बरण्या, इंग्लंडमधल्याच लोण्यापासून कढवलेल्या, आणि कोल्हापूरहून मागवलेला साठ किलो कांदा-लसूण मसाला. यांपैकी अठ्ठावीस बरण्या आणि चाळीस किलो मसाला बेलफास्टच्या दोन दुकानांचा होता. उरलेला माल सीमेपलीकडच्या डंडॉकमधील एका दुकानदाराने सांगून ठेवला होता. एजंटाने सर्व कागदांचे अठ्ठेचाळीस पौंड सांगितले आणि शेवटी दोनशे बारा पौंडांचे बिल लावले. त्यात ‘प्रणाली प्रवेश शुल्क’ आणि ‘तातडी शुल्क’ अशा दोन ओळी होत्या. तातडी त्याचीच होती, मी कागद तीन आठवडे आधी दिले होते. वर त्याने असेही सुचवले की सगळाच माल हिरव्या मार्गिकेतून बेलफास्टला न्यावा आणि मग डंडॉकच्या बरण्या निवांत गाडीत घालून पलीकडे सोडाव्यात, कारण तिथे कोणी बघत नाही. कोणी बघत नाही हे खरे आहे. पण हिरव्या मार्गिकेची परवानगी घेताना आपण मालाचा शेवटचा ग्राहक उत्तर आयर्लंडमध्येच असेल अशी लेखी हमी दिलेली असते, आणि ती मोडणे याला मराठीत चोरटा व्यापार म्हणतात. बारा बरण्यांसाठी परवाना घालवू नये.

आता रस्ता. एम-६ आणि पुढचा ए-७४(एम) ग्रेटनापर्यंत सरळ आहे, त्यावर लिहिण्यासारखे काही नाही. ग्रेटनापासून स्ट्रॅनरायरकडे जाणारा ए-७५ मात्र कोणी ‘साधारण दीड-दोन तास’ म्हणून सांगितला तर त्या माणसाला पुन्हा काही विचारू नका. जवळपास शंभर मैलांचा हा रस्ता बहुतांश प्रत्येक दिशेला एकाच पदराचा आहे, आयर्लंडला जाणारा निम्मा माल त्यावरून जातो की काय असे वाटावे इतके ट्रक असतात, आणि स्कॉटलंडमध्ये अशा रस्त्यावर साडेसात टनांवरील ट्रकांना मोटारींपेक्षा कमी वेगमर्यादा आहे. दहा ट्रकांच्या मागे आपण अकरावे. क्रॉकेटफर्ड आणि स्प्रिंगहोम या दोन खेड्यांमधून तर महामार्ग थेट घरांच्या दारासमोरून जातो. ओव्हरटेक करण्याची जागा आली की समोरूनही तसेच दहा ट्रक येत असतात. ग्रेटनापासून बोटीच्या वेळेपर्यंत किमान साडेतीन तास हातात ठेवा. आम्ही अडीच ठेवले होते.

तरीही बोट आम्हाला रस्त्यामुळे चुकली नाही. केर्नरायनला एकाच किनाऱ्यावर दोन स्वतंत्र बंदरे आहेत: स्ट्रॅनरायरकडून येताना उत्तर आयर्लंडमधल्याच लार्न बंदराला जाणाऱ्या बोटींचे आधी लागते आणि बेलफास्टचे गावाच्या पुढे आहे. आमचे तिकीट बेलफास्टचे होते, पण एजंटाने मालाचा जो संदर्भ क्रमांक काढला होता, ज्याशिवाय मालाची गाडी बोटीवर चढतच नाही, त्यात मार्ग लार्नचा लिहिला होता. खिडकीतल्या बाईने तो क्रमांक दोनदा टाकून पाहिला, पडदा आमच्याकडे वळवला आणि लाल अक्षरांकडे बोट दाखवले. तिने काही चुकीचे केले नाही. दुरुस्ती करण्यासाठी खात्यात शिरायला हवे होते, खाते एजंटाच्या नावावर होते आणि एजंटाचा फोन संध्याकाळी पाच वाजता बंद झाला होता. म्हणून पहिली आणि सर्वांत महत्त्वाची सूचना: खाते स्वतःच्या नावावर काढा, पासवर्ड स्वतःकडे ठेवा, आणि तिकिटावरचे बंदर व संदर्भ क्रमांकावरचे बंदर घरातून निघण्यापूर्वी मोठ्याने वाचून ताडून पाहा.

शेवटी मेहुण्याने सरकारच्या ट्रेडर सपोर्ट सर्व्हिसला फोन लावला, आमच्या नावाने नवे खाते उघडले आणि त्यांच्या माणसाने रात्री पाऊण तास फोनवर बसून नवे घोषणापत्र भरून घेतले. ही सेवा विनामूल्य आहे. हे वाक्य मी मुद्दाम वेगळे लिहितो आहे, कारण दोनशे बारा पौंड देईपर्यंत ते मला कोणी सांगितले नव्हते.

थांबलोच होतो तर बरण्या पुन्हा उघडून पाहिल्या, आणि दुसरे संकट समोर आले. उत्तर आयर्लंडमध्ये किरकोळ विक्रीसाठी जाणाऱ्या दुग्धजन्य पदार्थांवर ‘नॉट फॉर ईयू’, म्हणजे ‘युरोपीय संघासाठी नाही’, असे लिहिलेले असावे लागते. मांस आणि ताज्या दुधाला हा नियम ऑक्टोबर २०२३ पासून होता, ऑक्टोबर २०२४ पासून तो सर्व दुग्धजन्य पदार्थांना लागला आणि जुलै २०२५ मध्ये आणखी पदार्थांची भर पडली. एजंटाने सांगितले होते की खोक्यावर लिहिले तरी चालते. तुपाला चालत नाही, प्रत्येक बरणीवर हवे. मेहुण्याच्या पिशवीत कोऱ्या चिकटपट्ट्यांचा एक ताव आणि न पुसणारा मार्कर होता. व्हॅनचे मागचे दार उघडे, वाऱ्याने ताव उडतो आहे, तो तोंडात मोबाइलचा दिवा धरून अक्षरे काढतो आहे आणि मी बाहीने बरणीवरचे दव पुसून एकेक पट्टी दाबून बसवतो आहे. तूप गारठून दगडासारखे झाले होते. पस्तिसाव्या बरणीपासून त्याचे ‘ई’ आणि ‘यू’ एकमेकांना टेकू लागले. बेलफास्टला उतरल्यावर तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने एक खोके उघडायला लावले, दोन बरण्या फिरवून पाहिल्या, यादी जुळवली, आणि हस्ताक्षर कोणाचे म्हणून विचारले. बारा मिनिटांत आम्ही बाहेर होतो. कागद बरोबर असेल तर बेलफास्टच्या बाजूला त्रास नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

या मार्गाला लागण्यापूर्वी घरबसल्या करायच्या गोष्टी त्यांच्या क्रमानेच कराव्यात. आधी ‘एक्सआय’ने सुरू होणारा ईओआरआय क्रमांक, म्हणजे व्यापाऱ्याचा कस्टम्सकडचा नोंदणी क्रमांक, घ्यावा, कारण ‘जीबी’वाला इथे पुरत नाही; मग यूके इंटर्नल मार्केट स्कीमची मंजुरी, जिच्यामुळे हिरवी मार्गिका उघडते; आणि खाण्याचे पदार्थ असतील तर किरकोळ मालाच्या योजनेत, म्हणजे नॉर्दर्न आयर्लंड रिटेल मूव्हमेंट स्कीममध्ये, आपल्यासोबत माल घेणाऱ्या दुकानदाराचीही नोंदणी. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात आणि मग माल धक्क्यावर आणि दुकानदार अंधारात अशी गत होते. यांपैकी कशालाच फी नाही, पण वेळ लागतो; महिनाभर धरून चाला. वर्षातून एकदाच, दिवाळीपुरता माल न्यायचा असेल तर माझे स्पष्ट मत आहे की स्वतः नेऊ नका, नोंदणी असलेल्या वाहतूकदाराच्या ट्रकमध्ये आपली चार खोकी टाका. घरगुती ग्राहकाला एखाददुसरे पार्सल पाठवायचे असेल तर १ मे २०२५ पासून ते नोंदणीकृत कुरिअरनेच जाते आणि पाठवणाऱ्याला घोषणापत्र भरावे लागत नाही.

मधला एक दिवस जायंट्स कॉजवेला गेलो. छान आहे.

न्यूरीला मात्र जरूर थांबावे. दोन्ही बाजूंच्या व्यापाऱ्यांना मार्गदर्शन करणारी इंटरट्रेड आयर्लंड ही संस्था इथेच आहे, गुड फ्रायडे करारातून निघालेल्या संस्थांपैकी ती एक. पण मला जास्त शिकवले ते एका किराणा दुकानदाराने, ज्याच्या गल्ल्यात पौंड आणि युरो शेजारी शेजारी होते. तो म्हणाला की २०२० मध्ये तयारीच्या नावाखाली त्याच्याकडे ढीगभर पत्रके आली आणि सगळी सीमेबद्दल होती. फटका बसला तो इंग्लंडमधल्या पुरवठादारांनी माल पाठवणे बंद केल्याचा. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपचा उत्पादन सुरक्षेचा नवा नियम लागू झाल्यावर आणखी काहींनी हात वर केले, कारण त्यासाठी उत्तर आयर्लंडमध्ये किंवा युरोपीय संघात जबाबदार माणूस नेमावा लागतो. आता तो बराच माल डब्लिनहून घेतो. असे करणारा तो एकटा नाही: आयर्लंडच्या सांख्यिकी कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे २०२१ या एका वर्षात प्रजासत्ताकातून उत्तरेकडे जाणाऱ्या मालाचे मूल्य ५४ टक्क्यांनी वाढले. सीमेवरच्या गावांनी पत्रकांची वाट पाहिली नाही.

न्यूरीहून डंडॉकला जाताना सीमा कळते ती फक्त मैलांचे किलोमीटर झाल्यामुळे, रस्त्याच्या कडेची रेघ पिवळी झाल्यामुळे आणि मोबाइल आपोआप पलीकडच्या नेटवर्कवर गेल्यामुळे. भारतीय पासपोर्टवर असलेल्यांनी मात्र इथे फसू नये. नाका नाही याचा अर्थ व्हिसा नाही असा होत नाही. ब्रिटनमध्ये दहा वर्षे राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही आयर्लंडचा व्हिसा लागतो, आणि अधूनमधून बसगाड्या थांबवून कागद पाहिले जातात. गंमत अशी की पुण्याहून फिरायला आलेल्या आईवडिलांच्या ब्रिटिश व्हिसावर ब्रिटन-आयर्लंड संयुक्त व्हिसा योजनेचा शिक्का असेल तर ते आधी ब्रिटनमध्ये उतरून पुढे खुशाल जाऊ शकतात, आणि त्यांना गाडीतून नेणाऱ्या मुलाला वेगळा व्हिसा काढावा लागतो. एकवार प्रवेशाला साठ युरो आणि अनेकवार प्रवेशाला शंभर, शंभराचाच घ्या. क्लोन्सहून कॅव्हनला जाणारा रस्ता पंधरा मिनिटांत चार वेळा सीमा ओलांडतो, आणि एकवार प्रवेशाच्या व्हिसावर तुम्ही कॅव्हनला पोहोचेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने भलतेच काही होऊन बसलेले असता.

डंडॉकच्या दुकानदाराकडे मी रिकाम्या हाताने गेलो. चहा घेता घेता त्याला दोन गोष्टी समजावून सांगितल्या, आणि त्या इथेही नोंदवतो. तुपाला जकातीची अडचण नाही, ते ब्रिटनमध्येच बनले आहे, पण दर खेपेला पशुवैद्याची सही लागते. बारा बरण्यांच्या नफ्यात ती सही बसत नाही. मसाल्याला पशुवैद्य लागत नाही, पण तो मूळचा भारतीय असल्याने ब्रिटन आणि युरोपमधल्या शून्य जकातीच्या करारात बसत नाही, आणि बर्मिंगहॅममार्गे आणला तर दोन ठिकाणी आयातीचा व्याप होतो. त्याने मसाला न्हावा शेवाहून थेट डब्लिनला मागवावा. तुपासाठी न्यूरीच्या दुकानदाराने एक तोडगा सुचवला आहे: उत्तर आयर्लंडमध्ये बनलेला माल दोन्हीकडे मोकळेपणाने जातो, तेव्हा तिथल्याच मान्यताप्राप्त डेअरीकडून लोणी कढवून घ्यावे. मे २०२५ च्या ब्रिटन-युरोप शिखर बैठकीत खाद्यपदार्थांच्या तपासण्या कमी करण्याचा करार करायचे ठरले आहे, पण त्याच्या भरवशावर दिवाळीचा माल मागवू नये.

डंडॉकच्या बारा बरण्या आणि वीस किलो मसाला बेलफास्टच्याच दुकानांत ठेवून आलो. चिकटपट्ट्यांवरचे हस्ताक्षर पाहून दुकानदारीणबाईंनी त्या मागच्या फळीवर लावल्या आहेत.