बारा वेशींचं नगर

आमच्यात कुणी गेलं की पाळकसाहेब बहुधा योहानाच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय काढतात. माझ्या पित्याच्या घरात राहायला जागा पुष्कळ आहेत, मी तुमच्यासाठी जागा तयार करायला जातो, असं येशू शिष्यांना सांगतो तो भाग. मग बाजाच्या पेटीवर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं भजन, प्रार्थना, आणि कबरस्तान. सगळ्यांची मूठमूठ माती टाकून झाली की बायका एकमेकींना म्हणतात, "सुटली बाई. प्रभूच्या घरी गेली." हे ऐकतच मी वाढले आणि ते खरं मानते. पण स्वर्गाबद्दल बोलताना आपण अर्ध्या वाटेत थांबतो, असंही मला फार दिवसांपासून वाटतंय. आत्मा वर गेला, विषय संपला. पवित्र शास्त्र तिथे संपत नाही. प्रकटीकरण या बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकाच्या शेवटच्या दोन अध्यायांत माणसं वर जात नाहीत, नगर खाली येतं. नवं यरुशलेम देवापासून स्वर्गातून उतरतं आणि मोठा आवाज सांगतो की आता देवाची वस्ती माणसांबरोबर आहे.

माझ्या आजीचा जीव त्या दोन अध्यायांवर होता. योहान चौदापेक्षाही.

आजी नेवासे तालुक्यातल्या एका गावच्या महारवाड्यातली. अमेरिकन मराठी मिशननं अहमदनगरला काम सुरू केलं 1831 साली. पुढे 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ पडला आणि त्या काळात व त्यानंतर जिल्ह्यातली पुष्कळ कुटुंबं ख्रिस्ती झाली. आजीचं माहेर त्यांतलंच. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, त्यामुळे संसार सगळा बदलीचा. आज राहुरीकडे, उद्या शेवगावकडे. कधी शाळेला लागून एक खोली, कधी कुणाच्या वाड्यातली पडवी. आजोबांमागे ती मुलांकडे राहिली, मुलंही भाड्यानंच राहायची. शेवटची वर्षं आमच्या पिंपरीच्या दोन खोल्यांत गेली. स्वतःच्या नावाची चार भिंतींची जागा तिला आयुष्यात मिळाली नाही. म्हणून घराच्या वचनानं तिला भरून येत असेल, असं लोकांना वाटे. ती मात्र घराबद्दल फारसं बोलत नसे. बोलायची ते वेशींबद्दल.

लग्नानंतर आजोबांनी तिला अक्षरओळख करून दिली. वाचताना ती उजव्या हाताची तर्जनी ओळीखाली सरकवत न्यायची. त्या बोटाच्या मधल्या पेऱ्यावर विळ्याचा जुना वण होता, आडवा, पांढरट, आणि त्यामुळे बोट पूर्ण सरळ होत नसे. ते वाकडं बोट ओळीवरून चालताना मी शेजारी बसून पाहायची. एकविसाव्या अध्यायात नगराला बारा वेशी आहेत, पूर्वेला तीन, उत्तरेला तीन, दक्षिणेला तीन, पश्चिमेला तीन. एकेक वेस एकेका मोत्याची. इथे बोट भरभर पुढे जायचं. सोनं, मोती, यास्फे, पाचू यांत तिला काही गोडी नव्हती. पंचविसाव्या वचनावर ते थांबायचं. त्या वेशी दिवसा कधीही बंद होणार नाहीत आणि रात्र तर तिथे नाहीच. ती वर बघून म्हणायची, "तिथं वेस लावायचीच न्हाई. कवाच न्हाई."

गावाला वेस कशासाठी असते, ते वेशीबाहेर राहणाऱ्याला विचारावं. तिच्या लहानपणी गावातल्या विहिरीवर त्यांना हात लावता येत नसे. कुणी वरून ओतलं तर पाणी मिळे, तेही त्याच्या सवडीनं. बाप्तिस्मा झाला म्हणून विहिरीचा नियम बदलला नव्हता. अशा बाईच्या हाती एक पुस्तक येतं आणि त्याच्या शेवटच्या पानांवर बारा उघड्या वेशींचं नगर असतं. त्यातून जीवनाच्या पाण्याची नदी वाहते आणि तान्हेल्यानं यावं, फुकट घ्यावं अशी हाक असते. नक्षीकाम म्हणून हे वाचणं तिला शक्यच नव्हतं. शिवाय इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तेराव्या अध्यायात येतं की येशूनंही वेशीबाहेर मरण सोसलं, म्हणून आपणही त्याचा अपमान सोशीत त्याच्याकडे बाहेर जाऊ या, कारण इथे आपल्याला कायमचं नगर नाही, पुढे येणार त्याची आपण वाट पाहतो. ज्याला वेशीबाहेर नेऊन मारलं त्याच्याच नगराला बंद होणारी वेस नाही. हे दोन उतारे तिनं शेजारी ठेवून वाचले होते. तिला ते कुणी समजावलं नव्हतं.

पुढे मी ते अध्याय अभ्यासाच्या नजरेनं वाचले तेव्हा तिच्या वाचनाचा मला अधिकच आदर वाटू लागला. नगराचं माप घ्या. लांबी, रुंदी, उंची सारखीच, प्रत्येकी 12,000 स्टेडिया, म्हणजे आपल्या हिशेबानं सुमारे 2,200 किलोमीटर. भिंत मात्र 144 हात. एवढ्या प्रचंड नगराला एवढीशी भिंत शत्रू अडवण्यासाठी नसते. आणि लांबी-रुंदी-उंची सारखी असलेली दुसरी एक जागा शास्त्रात आहे: शलमोन राजाच्या मंदिराचा परमपवित्र भाग, वीस हात लांब, वीस रुंद, वीस उंच. तिथे फक्त मुख्य याजक जाई, वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, रक्त घेऊन. प्रकटीकरण लिहिणारा योहान सांगतो, या नगरात मला मंदिर दिसलं नाही. दिसणार कसं? सगळं नगरच गाभारा झालंय, आणि त्यात राहतात साधी माणसं. 1930 साली नाशिकला काळाराम मंदिराच्या दारापाशी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली माणसं उभी राहिली आणि दार उघडलं गेलं नाही. तो इतिहास आमच्या रक्ताच्या माणसांचाही आहे. त्या दारासमोर उभं राहून प्रकटीकरण एकवीस वाचलं की कळतं, ही सोन्याच्या रस्त्यांची गोष्ट नव्हे.

ज्यांना हे पहिल्यांदा लिहिलं गेलं तीही फार सुखातली माणसं नव्हती. योहान स्वतः पात्म बेटावर होता, देवाच्या वचनामुळे, असं तो सांगतो. पत्रं गेली ती आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या सात मंडळ्यांना, म्हणजे ख्रिस्ती समुदायांना. त्यांतल्या फिलदेल्फियाचं मला विशेष वाटतं. इ.स. 17 च्या भूकंपानं ते शहर हादरलं होतं. स्ट्रेबो हा प्राचीन भूगोलकार लिहितो की तिथल्या भिंतींना सारखे तडे जात आणि बरेचसे लोक शहर सोडून शेतांत राहत. अशा गावच्या मंडळीला येशू कळवतो: जो विजय मिळवतो त्याला मी देवाच्या मंदिरातला स्तंभ करीन, आणि तो तिथून कधीही बाहेर जाणार नाही. घर कधी अंगावर येईल सांगता येत नाही म्हणून बाहेर पळणाऱ्या माणसांना दिलेलं हे वचन आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर महिनोन् महिने पत्र्याखाली झोपलेल्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

माझा एक चुलतभाऊ लागतो. त्याच्या आजोबांच्या शाखेनं 1956 नंतर बौद्ध धम्म स्वीकारला. आमचं येणं-जाणं, जेवणखाण सगळं आहे, आणि तो माझ्याशी मोकळं बोलतो. तो मला म्हणाला होता, "ताई, मेल्यानंतरच्या घराची आशा दाखवून तुम्हाला इथे गप्प बसवलं." त्याचा प्रश्न मी उडवून लावत नाही. स्वर्ग असा शिकवला गेलाय, आणि जिथे तसा शिकवला गेला तिथे त्यानं माणसांचं नुकसानच केलंय. पण शास्त्रातला स्वर्ग गप्प बसलेला नाही. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात वेदीखालचे आत्मे मोठ्यानं ओरडतात: प्रभू, न्याय करायला तू किती वेळ लावणार? स्वर्गात पोहोचलेली माणसं हे विचारताहेत! आणि येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोज काय मागतो? जसं स्वर्गात तसं पृथ्वीवर. ज्यानं हे मनापासून मागितलं त्याला इथली बंद दारं खुपायलाच हवीत.

आजीला खुपत होती. बाबा सांगतात, शाळेच्या आवारात मिशननं खोदलेली विहीर होती. एका उन्हाळ्यात पाणी खाली गेलं आणि बायकांची रांग लागू लागली. मांगवाड्यातली एक बाई घागर घेऊन आली तर आमच्याच ख्रिस्ती बायकांनी तिला बाजूला उभं केलं. आमचं भरून होऊ दे, मग बघू. हे लिहायला जड जातं, पण मंडळीत जात आली होती, आणि सोयरिकीच्या वेळी ती अजून डोकं वर काढते. आजीनं आपला दोर काढला, त्या बाईची घागर आधी भरून दिली आणि मग रांगेला उद्देशून म्हणाली, "हितं अडवता, आन् तिथं कोणत्या तोंडानं जाल?" मास्तरांची बायको म्हणून तिला मान होता, त्यामुळे त्या दिवशी कुणी बोललं नाही. नंतर मात्र बरेच दिवस दोन घरांनी तिच्याशी अबोला धरला. तिनं तो धरू दिला.

आता त्या बोटाबद्दल. तिला मातीला दिली तेव्हा माझ्या मनात तेच होतं. आपण मतांगिकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, दर रविवारी म्हणतो, देहाचं पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन. देहाचं. मरणानंतर विश्वासणारा प्रभूजवळ असतो, यात मला शंका नाही. वधस्तंभावर शेजारच्या अपराध्याला येशूनं 'आज' म्हणूनच वचन दिलं. पण ते विसाव्याचं ठिकाण आहे, मुक्काम पुढे आहे. पौल करिंथकरांना लिहिताना पेरलेल्या दाण्याचा दाखला देतो: पेरतो एक, उगवतं त्याहून निराळं, तरी ते त्याच दाण्याचं. आणि आपल्यापुढे नमुना एकच आहे, उठलेला येशू. तो शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो. सरोवराच्या काठी कोळशाचा विस्तव करून त्यांना न्याहारीला बोलावतो. थोमाला म्हणतो, बोट इकडे कर, माझे हात पाहा. गौरवी देह, आणि तरी त्यावर खिळ्यांचे व्रण आहेत. ते पुसले गेले नाहीत, फक्त दुखत नाहीत.

मग माझ्या आजीचं बोट? ते सरळ होईल असं मला वाटतं. पण वण राहावा, अशी माझी इच्छा आहे. त्या वणात तिची दुसऱ्यांच्या शेतातली सगळी कापणी आहे. देव प्रत्येक डोळ्यातलं पाणी पुसून टाकील असं लिहिलंय. पुसणारा इतक्या जवळ येतो तेव्हा त्याला ते पाणी कशाचं होतं ते ठाऊक असतं. स्वर्ग म्हणजे काही झालंच नव्हतं असं वागणं, हे मला पटत नाही. तिच्यावर जे झालं ते तिथे मोजलं जाईल, ज्यांनी केलं त्यांच्यासमोर मोजलं जाईल. न्याय आधी, मग नगर. पुस्तकातला क्रमही तोच आहे.

शेवटी प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायातली एक गोष्ट, जिच्यावर प्रवचन मी क्वचितच ऐकलंय. सव्वीसावं वचन: राष्ट्रांचं वैभव आणि प्रतिष्ठा त्या नगरात आणतील. म्हणजे तिथे सगळं नव्यानं तयार होऊन मिळणार नाही, इथून काही आत न्यायचंय. आपली मराठी मंडळी काय नेईल, हा विचार मला फार आवडतो. फादर स्टीफन्सनी 1616 साली गोव्यात छापून घेतलेलं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण जाईल. टिळकांचे अभंग जातील, कृष्णराव सांगळ्यांनी अहमदनगरकडे रुजवलेलं ख्रिस्ती कीर्तन जाईल, पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं शास्त्राचं भाषांतर जाईल. आणि माझी ठाम समजूत आहे की जात्यावर बसून आमच्या बायकांनी येशूवर आणि मरियेवर रचलेल्या ओव्याही जातील, ज्यांच्याखाली कुणाचंच नाव नाही.

आजीला त्या पुष्कळ येत. काही माझ्या वहीत आहेत, अर्ध्या-मुर्ध्या. पूर्ण येतात त्या माझ्या धाकट्या आत्याला, ती श्रीरामपूरला असते आणि आता तिला कमी ऐकू येतं, पण गायला लागली की अडत नाही. या नाताळच्या सुट्टीत मी तिच्याकडे राहायला चाललेय. फोनवर रेकॉर्ड करीन आणि लिहूनही घेईन. तुमच्या घरात कुणाला येत असतील तर खाली लिहा, किंवा निदान कोणत्या गावच्या आहेत ते कळवा.