घारापुरी: लेण्यांआधी तोफांची टेकडी

घारापुरीला जाणारे बहुतेक जण लेणी बघतात, काकडी खातात आणि परतीची लाँच पकडतात. टेकडीवरच्या तोफांपर्यंत फार थोडे पोहोचतात, कारण लेण्यांत हिंडून पाय आधीच थकलेले असतात. म्हणून आम्ही क्रम उलटा ठेवला. आधी टेकडी, मग लेणी. सोबत सत्तरी ओलांडलेले बाबा होते, त्यामुळे हे ठरवावंच लागलं.

सोमवारी लेणी बंद असतात आणि रविवारी गर्दी, तेव्हा मधला वार धरला. गेटवेहून सकाळी नऊच्या सुमाराला लाँच सुटायला लागतात आणि पोचायला तासभर लागतो. वरच्या डेकवर बसायचं तर थोडे पैसे वेगळे मोजावे लागतात. ते द्यावेत, खाली डिझेलचा वास फार येतो.

बेटाच्या लांब धक्क्यावरून छोटी रेल्वे पायऱ्यांच्या दिशेने नेते. शेजारच्या बाकावरची एक मुलगी आईला सारखी विचारत होती, हत्ती कुठे आहे? बाबांना राहवलं नाही. म्हणाले, "बाळ, तो राणीच्या बागेत आहे, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी." पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून एलिफंटा हे नाव दिलं तो दगडी हत्ती 1864 मध्ये इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना तो फुटला, म्हणून मुंबईत तरी राहिला. मुलीला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. दोन्ही बाजूंनी टोप्या, माळा, मूर्ती यांची दुकानं आणि वर ताडपत्र्यांची सावली. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. बाबांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. काकडीवालीला मात्र विचारलं, "मावशी, वर तोफांपर्यंत किती वेळ?"

"अर्धा तास धरा काका. आणि ती बाटली पिशवीत घाला, माकडं सोडत नाहीत."

पायऱ्या संपल्यावर लेण्यांच्या तिकीट खिडकीजवळ विचारलं की टेकडीची वाट कुणीही दाखवतं. चढ अंगावर येणारा नाही, पण दगडधोंड्यांचा आहे. चपला नकोत, बूट हवेत. झाडी असली तरी ऑक्टोबरच्या उन्हात घाम निथळतो. आम्ही दर वळणावर थांबत गेलो. बाबा दम लागला असं म्हणत नाहीत, "जरा बघू या" म्हणतात.

वर दोन प्रचंड ब्रिटिशकालीन तोफा आहेत, गोल बैठकीवर बसवलेल्या. त्यांच्यावर चढून फोटो काढणारे भेटतातच. पण तोफा इथे का ठेवल्या, हे कळायला त्यांच्याकडे पाठ करून उभं राहावं. मुंबई बंदरात शिरणाऱ्या गलबतांवर नजर ठेवायला याहून चांगली जागा सापडणं कठीण. पश्चिमेला जवाहर द्वीप, म्हणजे जुनं बुचर आयलंड, आणि तिथे धक्क्याला लागलेले तेलाचे टँकर. त्यामागे धुरकट मुंबई. मुख्यभूमीच्या बाजूला न्हावा-शेवा, 1989 पासूनचं बंदर, तिथल्या क्रेनच्या रांगा. उत्तरेला जानेवारी 2024 मध्ये खुला झालेला अटल सेतू, पाण्यावरून सरळ गेलेला. बाबा उमेदीत बंदरात कामाला होते. कुठलं जहाज रिकामं आणि कुठलं भरलेलं, हे ते पाण्यात बुडालेल्या भागावरून सांगत राहिले. माझा त्या दिवसाचा सगळ्यात चांगला वेळ तो.

खाली राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ही तीन गावं. लेणी 1987 मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, पण त्याच बेटावरच्या लोकांना समुद्राखालच्या केबलने वीज मिळायला 2018 उजाडलं. समोर रात्रभर झगमगणारं शहर, आणि इथे तोवर जनरेटर! पर्यटकांना मुक्काम करता येत नाही, त्यामुळे हा विरोधाभास आपल्याला कधी दिसलाच नाही.

उतरताना गुडघ्यांवर जास्त ताण येतो, काठी न्यावी. खाली येऊन ताक प्यायलो, जेवलो आणि मग लेण्यांत शिरलो. बाहेर ऊन कडक असताना आतला गारवा फार बरा वाटतो, आणि सदाशिवाच्या त्या त्रिमुखी मूर्तीपुढे घाई न करता उभं राहता येतं.

परतीची शेवटची लाँच साडेपाचच्या आसपास असते, पण ती धरू नये. तिला रांग मोठी लागते, म्हणून आम्ही चारलाच धक्का गाठला.