दाब कुठल्या बाजूचा?

जुनी टू-स्ट्रोक इंजिनं दुरुस्त करणं हा माझा धंदा, आणि तो चालतो घरामागच्या शेडमध्ये. इंजिन घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा निदानही सोबतच आणतो. या वेळचं निदान होतं, "काका, कार्बोरेटर गेलाय." नवा बसवून पाहिला होता, तोही गेलाय असं त्याचं म्हणणं. इंजिन थंड असताना गुमान चालायचं. गरम झालं की स्लोवर टिकायचं नाही, आपोआप रेस व्हायचं. एकदा तर चावी बंद केल्यावरही काही क्षण ओरडत राहिलं. त्याच्याही आधी पिस्टन धरला होता, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम झाला होता, तो बदलून झाला होता.

इंजिन ओळखीच्या जातीचं, पण ते ज्या गाडीत होतं ती नेहमी येणाऱ्यांतली नव्हती. जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे चालणारी, ६ चाकांची, पन्नासेक वर्षांपूर्वीची. प्लास्टिकच्या मोठ्या टबला सहा फुगीर टायर लावले आहेत, एवढं वर्णन पुरे. १९६० च्या दशकात कॅनडा-अमेरिकेत अशा गाड्यांची लाटच आली होती. कॅनडात आधी जिगर निघाली, १९६७ साली आर्गो. अमेरिकेत कितीतरी छोट्या कंपन्या या धंद्यात उतरल्या. होंडाची तीनचाकी १९७० ची. म्हणजे ऑल-टेरेन, कुठल्याही जमिनीवर चालणारी गाडी, म्हटल्यावर हल्ली जे डोळ्यांपुढे येतं त्याच्याही आधीची ही जात. पुढे यातल्या बहुतेक कंपन्या बंद पडल्या, आर्गो मात्र अजून निघते. या मालकाला गाडी लिलावात मिळाली होती. नावाची पाटी नाही, माहितीपुस्तक नाही.

हिला स्टिअरिंग नसतं, दोन काठ्या असतात. चाकं वळतच नाहीत. उजवी काठी ओढली की उजवीकडची तिन्ही चाकं थांबतात, डावी चालत राहतात आणि गाडी रणगाड्यासारखी फिरते. एका बाजूची तिन्ही चाकं चेनने एकमेकांना बांधलेली. स्प्रिंग नाहीत, ते काम टायरांचं, म्हणून त्यांत हवा फक्त २-३ पीएसआय. पाण्यात वेगळा पंखा नाही. टायरच्या नक्षीनेच पाणी मागे ढकललं जातं, त्यामुळे तिथे वेग चालत्या माणसाइतकाही मुश्किलीने. इंजिन ३०० सीसीच्या आसपासचं, एका सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, आणि बसवलेलं टबाच्या आत.

त्या दिवशी मी इंजिन सुरू केलंच नाही. मालक जरा खट्टू झाला, त्याला ते रेस होताना मला ऐकवायचं होतं. पण एकदा धरलेलं आणि गरम झाल्यावर पळ काढणारं इंजिन नुसतं ऐकण्यासाठी सुरू करायचं म्हणजे आणखी एका पिस्टनचा बळी. प्लग काढला तर पोर्सेलिन पांढरंफटक. सायलेन्सर उतरवून पोर्टमधून बॅटरी मारली, तर नव्या पिस्टनवरही एक्झॉस्टच्या अंगाला बारीक उभ्या रेघा. पेट्रोल कमी, हवा जास्त. आणि या इंजिनात ऑइल पेट्रोलमधूनच येतं, तेव्हा पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं. इंजिन तापतं आणि वर कोरडंही पडतं.

जास्तीची हवा कार्बोरेटरमधूनच येते असं मात्र नाही. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच भाता. पिस्टन वर गेला की खाली व्हॅक्यूम होतो आणि मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की दाब होतो आणि तेच मिश्रण सिलिंडरमध्ये चढतं. क्रँकशाफ्ट दोन्ही बाजूंना या भात्याच्या भिंतीतून बाहेर पडतो. तिथे रबरी ओठाची सीलं असतात. सील गेलं की आम्ही म्हणतो, इंजिन एअर घेतंय. कार्बोरेटर बदलूनही दुखणं तेच राहिलं तर माझा हात आधी तिकडेच जातो.

इनलेट आणि एक्झॉस्टची तोंडं रबराचा तुकडा आणि पत्र्याची पट्टी लावून आवळली, प्लग परत बसवला. डायफ्रॅमच्या, म्हणजे लवचिक पडद्याने पेट्रोल ओढणाऱ्या, कार्बोरेटरला क्रँककेसकडून एक बारीक नळी जाते, ठोक्याचा दाब पोचवायला. ती काढून तिच्या जागी मीटरवाला हातपंप जोडला. ६-७ पीएसआय दाब भरला आणि थांबलो. काटा हलेना. सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवलं, एक बुडबुडा नाही. पुलर लावून फ्लायव्हील काढलं, सीलच्या तोंडाशी साबण लावला, तिथेही काही नाही. वर पॉइंट आणि कंडेन्सर, म्हणजे फ्लायव्हीलमागचे ठिणगीचे भाग, ठणठणीत कोरडे. सील फुटलेलं असतं तर तिथे ऑइलचा चिकटा उडालेला दिसतो.

"बघा काका, मी म्हणत नव्हतो?" मालक म्हणाला.

इथे बरेच जण पंप काढून ठेवतात. या गाडीवर आधी हात फिरवणाऱ्यानेही तेच केलं असावं, कारण इनलेटच्या तोंडावर माझ्या पट्टीच्या आधीच एका पट्टीचा जुना ओरखडा होता. पण इंजिन दर फेऱ्याला दाब आणि व्हॅक्यूम दोन्ही करतं. पंप व्हॅक्यूमवर फिरवला. काटा गेला आणि डोळ्यांदेखत शून्याकडे परत निघाला. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. मग जाडसर ऑइलचे थेंब एकेका सीलवर सोडले. बेल्टच्या बाजूला ऑइल जिथल्या तिथे राहिलं. फ्लायव्हीलच्या बाजूला ते सावकाश आत गेलं, आणि ते जात असेपर्यंत काटा थबकला. मालकाने तो थबकलेला काटा पाहिला आणि कार्बोरेटरचा विषय तिथेच संपला.

क्रँकच्या सीलचा ओठ आतल्या बाजूला तोंड करून बसलेला असतो. आतून दाब आला की ओठ शाफ्टवर आणखी आवळला जातो. व्हॅक्यूम झाला की तोच ओठ उचलला जाऊ बघतो. रबर मऊ असेल आणि ओठामागची कडी ताणलेली असेल तर तो उचलला जात नाही. पन्नास वर्षांच्या रबराचा पापड झालेला असतो. म्हणजे हे इंजिन पिस्टन वर जाताना दर वेळी बाहेरची हवा चोरून ओढत होतं आणि खाली येताना दार घट्ट लावून घेत होतं. म्हणून पॉइंट कोरडे. थंड असताना चोकमुळे मिश्रण तसंही दाट, तेव्हा चोरी पचून जायची. स्लोवर थ्रॉटल मिटलेला, व्हॅक्यूम जोरात, आणि मुळात आत जाणारा मालच थोडा. तिथे एवढीशी जादा हवाही भारी पडायची.

सील मिळणं अवघड नव्हतं. गाडीची कंपनी असो-नसो, सीलच्या कडेवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. तेवढ्यावर काम होतं. खरा प्रश्न शाफ्टचा होता. जुन्या ओठाने शाफ्टवर नखाला लागेल अशी खाच पाडली होती. नवं सील पहिल्याच जागी ठोकलं तर नवा ओठ जुन्या खाचेत. म्हणून ते मिलिमीटरभर कमी खोल बसवलं, म्हणजे ओठाला गुळगुळीत धातू मिळाला. दोन्ही बाजूंची सीलं बदलली. एक गेलं म्हणजे दुसरंही त्याच वयाचं असतं.

इंजिन बाहेर होतं म्हणून दुपारी टबाकडे वळलो. त्याचं दुखणं वेगळं: पाण्यात घातला की भरायचा. मालकाने आणि त्याच्या आधीच्या मालकांनी जिथे शंका आली तिथे सिलिकॉन फासून ठेवलं होतं. सिलिकॉनबद्दल माझं मत चांगलं नाही. ते गळती थांबवतं थोडे दिवस, आणि त्या जागी पुढे दुसरं काही चिकटू देत नाही. ते खरवडून पुसण्यातच बराच वेळ गेला.

मालक म्हणाला, "पाण्यात ढकलू आणि आत बसून बघू." तसं केलं की दिसतं एवढंच की आत तळं साचलंय, कुठून आलं ते कळत नाही. आम्ही उलटं केलं. टबाखाली सगळीकडून रुंद फळ्यांचा आधार दिला, कारण लिटरमागे किलो वजन येतं आणि जुनं प्लास्टिक तेवढ्याने फाटू शकतं. मग टबातच थोडं थोडं पाणी सोडलं. आता थेंब बाहेर पडणार, तेही एकेकटे, कोरड्या पृष्ठभागावर. हातात खडू घेऊन आम्ही दोघं टबाखाली आडवे. पहिला थेंब इंजिनच्या फाउंडेशनखाली केसासारख्या भेगेतून आला. पुढचा एका बोल्टच्या भोकातून. त्या बोल्टने काय धरलं होतं ते आता कोणालाच ठाऊक नाही.

पाणी एक्सलच्या वर चढलं आणि मालकाचा चेहरा उतरला. बहुतेक सगळ्या एक्सलांच्या कडांना धार लागली. "सहाच्या सहा गेली की!"

मी म्हटलं, "अरे, सकाळी काय पाहिलंस?" एक्सलची सीलं बाहेरचं पाणी बाहेर ठेवायला असतात, ओठाचं तोंड बाहेरच्या बाजूला. आपण पाणी आतून लावलंय. चांगलं सीलही आतल्या पाण्याला वाट देऊ शकतं. भेग मात्र दोन्हीकडून गळते. तेव्हा भेगांवरच्या खडूच्या खुणा खऱ्या धरायच्या, एक्सलच्या धारा पुरावा म्हणून धरायच्या नाहीत. एक्सलसाठी पुरावा ग्रीसमध्ये होता. टब रिकामा केल्यावर हौसिंग एकेक उघडली. पुढच्या दोन्ही बेअरिंगांतलं ग्रीस दुधासारखं पांढुरकं झालेलं, बाकीच्यांतलं नुसतं जुनं आणि काळं. पाणी पुढून शिरत होतं. त्या दोन बेअरिंग आणि सीलं नवीन, बाकीच्यांना धुऊन ताजं ग्रीस.

भेग भरण्याआधी प्लास्टिक कोणतं ते ठरवावं लागतं, आणि मालकाने आणलेली प्लास्टिक वेल्डिंगची कांडी पॉलिथिलीनची होती. टबाच्या कडेचा बारीक कीस काढून पाण्यात टाकला. पॉलिथिलीन तरंगतं, हा बुडाला. आतल्या कोपऱ्यात ॲसिटोनचा थेंब लावला, जागा चिकट झाली. म्हणजे एबीएस, दुसऱ्या जातीचं कडक प्लास्टिक. त्यावर पॉलिथिलीनची कांडी जन्मात एकजीव झाली नसती. एबीएसला ॲसिटोन विरघळवतं, हेच त्याचं औषध. भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं म्हणजे ती पुढे धावत नाही, कडा व्ही आकारात घासल्या, आणि एबीएसचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेली लापशी थराथराने भरली. आतून काचेच्या कापडाची पट्टी त्याच लापशीत भिजवून. शेडची दारं सताड उघडी ठेवून हे करायचं, आणि सुकायला भरपूर वेळ द्यायचा; वरून कडक झालं तरी आत ॲसिटोन राहतो.

चेन, ब्रेक, पॉइंट यांचं काम नेहमीचंच, त्यात सांगण्यासारखं फार नाही. एक गोष्ट टायरांची. तिन्ही चाकं चेनने बांधलेली असल्यामुळे ती सारखेच फेरे घेतात. त्यांतल्या एकाचा घेर जास्त असेल तर ते चाक दर फेऱ्याला पुढे जाऊ बघतं, इतर दोन मागे ओढतात, आणि मार खाते चेन. हवा मीटरवर सारखी दिसली तरी जुने टायर सारखे फुगत नाहीत, म्हणून प्रत्येकाचा घेर फीत लावून मोजला आणि बाजू जुळवल्या. गाडी सरळ जात नाही अशी मालकाची जी तिसरी तक्रार होती, ती यातच निघून गेली.

पुन्हा जोडलेल्या इंजिनाने दाब धरला आणि व्हॅक्यूमही. सुरू केलं, गरम होऊ दिलं. स्लो खाली आला तो तिथेच राहिला. प्लगचा रंग बिस्किटावर आला.

पाण्यात घातल्यावर आत आलं ते फडक्याने टिपता येईल एवढंच, तेही पुढच्या उजव्या एक्सलकडून. ती हौसिंग मी परत उघडणार आहे. आता मालकाला वेग कमी वाटतोय. मागे फळी लावून बोटीचं छोटं इंजिन टांगायचं त्याच्या मनात आहे. माझं म्हणणं, एकटा बसलास तरी गाडीचा मागचा काठ पाण्याच्या चारच बोटं वर राहतो. तिथे आणखी वजन टांगलंस आणि तिथूनच पाणी आलं, तर कोणतंही सील कामाचं नाही. तो म्हणतो बॅटरी आणि पेट्रोलची टाकी पुढे सरकवू. टाकी पुढे नेली तर पेट्रोलची नळी लांबणार, आणि डायफ्रॅमचा हा छोटा पंप तेवढ्या लांबून ओढेल का, ते आधी बाकावर लावून बघावं लागेल.