साडेपाच फुटांच्या आतला रॉब बरो

इंग्लंडमधल्या लीड्सचा रग्बी खेळाडू रॉब बरो एवढा खास का, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लीड्सला येणाऱ्या आपल्या पाहुण्यांना हेडिंग्लीचं क्रिकेट मैदान बघायचंच असतं. १९९२ साली सचिन यॉर्कशायरकडून खेळला ना! त्या मैदानाच्या पाठीला लागूनच रग्बी लीगचं, म्हणजे रग्बीच्याच एका प्रकाराचं, मैदान आहे. तिथे रॉब बरोचं नाव निघतं आणि हमखास प्रश्न येतो: साडेपाच फूटही उंची नसलेला माणूस या धिप्पाडांच्या खेळात टिकला कसा?

नुसता टिकला नाही. २००१ ते २०१७ एकाच क्लबकडून, लीड्स ऱ्हायनोजकडून, जवळपास ५०० सामने खेळला आणि सुपर लीगच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च स्पर्धेच्या, आठ अंतिम लढती जिंकला. ‘जिद्द होती हो’ म्हणून हा विषय संपवणं मला पटत नाही. त्याला खेळ कळत होता.

रग्बी लीगमध्ये चेंडू हातात असलेल्या संघाला सहा टॅकल मिळतात, म्हणजे सहा वेळा पाडलं जाईपर्यंत चेंडू त्यांच्याकडे राहतो. पाडलेला गडी उठून चेंडू पायाने मागे सारतो आणि बचाव करणाऱ्यांना दहा मीटर मागे हटावं लागतं. शंभर किलोंची माणसं बराच वेळ अशी पुढे-मागे पळाली की पाय जड होतात, वळायला उशीर होतो. नेमका तेव्हा बरो चेंडू उचलून त्यांच्यामधून निसटायचा. बचावात मात्र सुटका नव्हती. सगळ्यात दांडगे गडी त्याच्याच अंगावर यायचे आणि तो पायांना मिठी घालून त्यांना पाडायचा. सामन्यामागून सामने, वर्षानुवर्षं. त्याच्या पळण्यापेक्षा मला हे मोठं वाटतं.

२०११चा अंतिम सामना जरूर बघा. मँचेस्टरमधलं फुटबॉलचं ओल्ड ट्रॅफर्ड, समोर सेंट हेलेन्सचा संघ. साखळीत पाचवा आलेला लीड्स, आणि बरो सुरुवातीला बाकावर. आत आल्यावर त्याने चेंडू उचलला, एकाच्या हाताखालून वाकून सटकला आणि जवळपास अर्धं मैदान कापून ट्राय केला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवून गुण मिळवले. लीड्स ३२-१६ने जिंकलं. सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूची हॅरी संडरलंड ट्रॉफी त्यालाच, २००७नंतर दुसऱ्यांदा.

निवृत्तीनंतर दोनच वर्षांनी, डिसेंबर २०१९मध्ये, स्नायूंवरचा ताबा हळूहळू हिरावून घेणाऱ्या मोटर न्यूरॉन आजाराचं निदान झालं. २ जून २०२४ला तो गेला, अवघ्या ४१व्या वर्षी. त्याचा जुना कर्णधार केव्हिन सिनफिल्ड या आजाराच्या रुग्णांसाठी निधी जमवत धावत राहिला. २०२३च्या लीड्स मॅरेथॉनला त्याने बरोला उचलून अंतिम रेषेपार नेलं. ते दृश्य जगभर पोचलं आणि बरेच जण बरोला तेवढ्यावरूनच ओळखतात. मला ते सलतं. घरी कुणी विचारलं की मी आधी २०११चा तो ट्राय लावते, मॅरेथॉन नंतर.