तुम्ही विचारलंत म्हणून: ‘दऱ्या’तला र

खूप जण मला विचारतात की ‘दऱ्या’, ‘कुऱ्हाड’ यातला तो आडवा अर्धा र तुम्ही कीबोर्डवरून आणता कसा, आमच्याकडे नेहमी रफारच येतो. तर इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे मराठी टाइप करायच्या कीबोर्डच्या एका मांडणीत, सगळा खेळ एका शिफ्टचा आहे. नुसतं जे दाबलं की र, शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ, म्हणजे खाली टिंब असलेला. त्यापुढे पाय मोडायला डी आणि मग य साठी स्लॅश, झालं ऱ्य. ऱ्ह हवा तर स्लॅशच्या जागी यू. शिफ्ट राहिला की र्य आलाच.

आणि हा फरक नुसता दिसण्याचा नाहीये हो. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या. आचार्यांना नमस्कार करायचा असतो, आचाऱ्यांना किती पानं ते सांगायचं असतं. सातारा, वारा, कचरा, कुठल्याही अशा शब्दाला प्रत्यय लागला की साताऱ्याला, वाऱ्यावर, कचऱ्यात, म्हणजे मराठीत पानोपानी हा र लागतो आणि तरी लोक ‘साधारण कळतंय ना’ म्हणून सोडून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण खरा घोळ वेगळाच आहे. आत्याच्या भटकंतीच्या आठवणी आम्ही टाइप केल्या, अर्ध्या मी, अर्ध्या आतेभावाने. नंतर मी फाईलमध्ये ‘दऱ्या’ शोधलं तर फक्त माझीच पानं सापडली, त्याच्या पानांवर तोच शब्द डोळ्यांना दिसतोय आणि कॉम्प्युटर म्हणतोय नाहीच! संध्याकाळ गेली तेव्हा कळलं, त्याने साधा र, पाय मोडलेला, आणि पुढे झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं अक्षर घातलं होतं. दिसायला दोन्ही सारखं, आत वेगळं. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या तक्त्यात, ऱ चा नंबर ०९३१, तिथे तो द्रविडी भाषांमधल्या एका र साठी आहे आणि त्याचंच अर्धं रूप म्हणजे आपला हा र. जॉइनरवाली पद्धत जुन्या मजकुरासाठी चालू ठेवलेली आहे. म्हणून माझा आग्रह ऱ चाच, कारण ते न दिसणारं अक्षर कॉपी-पेस्ट करताना कुठे गळलं तर परत रफार येतो आणि पत्ताही लागत नाही.

इनस्क्रिप्ट येत नसेल तर विंडोजवरच्या वर्डमध्ये इंग्रजी आकड्यांत ०९३१ टाइप करून ऑल्ट आणि एक्स दाबा, ऱ येतो. २०बी९ ला तसंच केलं की ₹ येतं.

जुनी फाईल सुधारणार असाल तर आधी एक कॉपी ठेवा आणि ‘रिप्लेस ऑल’ दाबू नका, एकेक शब्द बघत जा. काही प्रोग्राम शोधताना ते न दिसणारं अक्षर धरतच नाहीत, मग सूर्य आणि कार्य यांच्यातले रफारही बदलून बसतात.